ओव्ही-फीट्स : डच स्टेशनवरची भाड्याची सायकल आणि तिच्यासोबत मिळणारा रस्ता

नेदरलँड्समध्ये नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा मुलांकडे काही महिने राहण्यासाठी येणाऱ्या मराठी मंडळींची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. त्यांच्यापैकी अनेकांना पहिल्याच आठवड्यात पडणारा प्रश्न असा की, रेल्वेने स्टेशनपर्यंत तर पोहोचलो, पुढचे तीन-चार किलोमीटर कसे जायचे. डच रेल्वेने, म्हणजे एनएसने, या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे ‘ओव्ही-फीट्स’ ही निळ्या-पिवळ्या रंगाची भाड्याची सायकल. मी आमर्सफोर्टला राहते आणि कामासाठी उट्रेख्तला येते, त्यामुळे ही सेवा माझ्या नित्याच्या वापरातली आहे. तिच्याविषयीचे माझे मत आरंभीच सांगते. सायकल म्हणून ती साधीसुधी आहे आणि तिच्यापेक्षा चांगली सायकल कोणत्याही दुकानात मिळेल. परंतु तिच्या जोडीने जो रस्ता मिळतो, आणि त्या रस्त्यावर मोटार चालवणारी माणसे सायकलस्वाराशी ज्या रीतीने वागतात, त्यामुळे या सेवेचे मोल तिच्या भाड्याच्या कितीतरी पट होते. मात्र त्या रस्त्याचे नियम पाळण्याची तयारी नसेल, तर ही सायकल न घेतलेलीच बरी.

या सेवेची सुरुवात २००३ च्या सुमारास झाली आणि २००८ पासून ती एनएसकडे आहे. आज देशभरात सुमारे तीनशे ठिकाणी मिळून वीस हजारांहून अधिक सायकली आहेत आणि वर्षाला पन्नास लाखांहून अधिक फेऱ्या होतात. भाडे चोवीस तासांना पाच युरोंच्या आत आहे. अनामत रक्कम लागत नाही. आपल्या नावाच्या प्रवासकार्डावर एकदा सदस्यत्व घेतले की सायकल नेताना कार्ड दाखवायचे आणि महिन्याचा हिशेब बँक खात्यातून परस्पर वळता होतो. एका सदस्यत्वावर एका वेळी दोन सायकली घेता येतात, हे पाहुणे आले असता फार उपयोगी पडते, कारण थोड्या दिवसांसाठी आलेल्या माणसाला स्वतःच्या नावावर सदस्यत्व काढणे सोपे नसते. सायकल जिथून घेतली तिथेच परत करायची, हा या सेवेचा मूळ विचार आहे. दुसऱ्या स्टेशनवर सोडली तर जादा शुल्क पडते. काहींना ही अट जाचक वाटते. मला ती योग्य वाटते, कारण या अटीमुळेच सकाळी स्टेशनवर सायकल हमखास मिळते आणि शहराच्या पदपथांवर बेवारस सायकलींचे ढीग पडत नाहीत.

उट्रेख्तच्या मुख्य स्टेशनखालचा सायकलतळ मात्र वेगळा उल्लेख करण्याजोगा आहे. २०१९ साली पूर्ण झालेल्या या तीन मजली तळात साडेबारा हजार सायकली मावतात, आणि सायकलवरून न उतरता थेट आत, आपल्या मजल्यापर्यंत जाता येते. कोणत्या रांगेत किती जागा रिकाम्या आहेत हे वर लावलेल्या फलकांवर दिसते, आणि पहिले चोवीस तास सायकल ठेवण्याचे पैसे लागत नाहीत. गाडीतून उतरल्यापासून सायकलवर बसेपर्यंतचा वेळ रिक्षाच्या रांगेत उभे राहण्याच्या वेळेपेक्षा कमी असतो, इतके सांगितले तरी पुण्या-ठाण्याच्या वाचकांना कल्पना येईल.

आता प्रत्यक्ष सायकलविषयी. नेहमीच्या ओव्ही-फीट्सला एकच गिअर असतो. देश सपाट असल्याने त्याने अडत नाही, परंतु समोरून वारा असेल तर पोटऱ्यांना जाणवते, आणि नेदरलँड्समध्ये वारा बहुधा समोरूनच असतो असे प्रत्येक सायकलस्वाराचे ठाम मत आहे. सीट हाताने वर-खाली करता येते. बसण्याआधी ती नीट करून घ्यावी, कारण आपल्या आधीचा माणूस अनेकदा सहा फुटांहून उंच असतो आणि ज्या सीटवरून पाय जमिनीला टेकत नाहीत, ती नवख्या माणसाला चौकात हमखास दगा देते. दिवे सायकलीलाच बसवलेले आहेत. चेनवर पूर्ण आवरण असल्याने साडी किंवा सैल पायजमा अडकण्याची भीती बरीच कमी आहे.

सर्वांत जास्त सवय लागते ती ब्रेकची. पायडल उलट्या दिशेने दाबले की मागचे चाक थांबते, अशी ही रचना आहे. आपल्याकडे हातातल्या ब्रेकची सवय झालेली असल्याने पहिल्या काही प्रसंगी बोटे हँडलवर नसलेला ब्रेक शोधत राहतात, आणि उभे राहून पुन्हा निघताना पायडल सोयीच्या जागी आणण्यासाठी ते उलटे फिरवण्याची जी आपली जुनी खोड असते, ती इथे चालत नाही. म्हणून सायकल घेतल्यावर थेट गर्दीच्या मार्गावर जाऊ नये. तळाच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत थोड्या चकरा मारून, पाय थांबवणे आणि चाक थांबवणे यांतला फरक अंगवळणी पाडून मगच पुढे जावे. त्यातच वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, म्हणजे डावीकडे वळताना समोरची वाहतूक ओलांडावी लागते. डोके हे समजून घेते, परंतु मान मात्र बराच काळ जुन्या सवयीने चुकीच्या बाजूला वळते.

हे सगळे अंगवळणी पडले की पुढे जे अनुभवाला येते, त्यासाठी मी हे परीक्षण लिहीत आहे.

माझा नेहमीचा मार्ग स्टेशनपासून शहराच्या पूर्वेला, विद्यापीठाच्या परिसराकडे जातो. वाटेत मालीबान हा झाडांच्या रांगांमधला जुना, रुंद रस्ता लागतो. देशातला पहिला सायकलमार्ग १८८५ साली याच रस्त्यावर झाला. त्याच्या दोन वर्षे आधी, १८८३ मध्ये, याच शहरात सायकलस्वारांची एक संघटना स्थापन झाली होती. तीच पुढे एएनडब्ल्यूबी या नावाने मोटारचालकांचीही सर्वांत मोठी संस्था बनली. एकाच संस्थेच्या सभासदांमध्ये सायकल चालवणारे आणि मोटार चालवणारे दोन्ही आहेत, आणि बहुतेक वेळा ती एकच माणसे आहेत, ही गोष्ट मला या देशातला रस्ता समजून घेण्यासाठी फार महत्त्वाची वाटते. आपल्याला ओव्हरटेक करण्यासाठी मागे थांबलेल्या मोटारीतला माणूस सकाळी मुलाला सायकलने शाळेत सोडून आलेला असतो. सायकलस्वाराला कुठे धडकी भरते, खड्डा चुकवताना तो कोणत्या बाजूला झुकेल, पावसात त्याला काय दिसत नाही, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

मोठ्या रस्त्यांवर सायकलमार्ग वेगळे असतात, त्यामुळे तिथे मोटारीशी गाठ फक्त चौकात पडते. खरी कसोटी लागते ती दोघांनी एकच रस्ता वापरायचा असतो तिथे. पूर्वेकडच्या या मार्गावर प्रिन्स हेंड्रिकलानसारखे ‘सायकल-रस्ते’ आहेत: संपूर्ण रस्ता लाल डांबराचा, वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर, आणि मोटार येथे पाहुणी आहे असे सांगणारा फलक. सायकली रस्त्याच्या मध्यापर्यंत, दोघे-दोघे शेजारी चालतात आणि मोटार त्यांच्या मागून त्यांच्याच वेगाने येते. हॉर्न वाजत नाही. प्रारंभी मला या शांततेचाच ताण येत असे, कारण मागचे वाहन हॉर्न देत नाही म्हणजे त्याने आपल्याला पाहिलेले नाही, असा आपला अनुभव सांगतो. इथे अर्थ नेमका उलटा आहे. चालकाने पाहिले आहे, आणि म्हणूनच तो थांबला आहे.

हे केवळ सौजन्याने घडलेले नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. या फलकाला वाहतुकीच्या नियमावलीत दीर्घकाळ स्वतंत्र स्थानसुद्धा नव्हते. चालकाचा वेग कमी होतो तो रस्त्याच्या बांधणीमुळे: रुंदी कमी, चौकात रस्ता थोडा उचललेला, आणि दूरचा प्रवास करणाऱ्या मोटारीला या रस्त्याने जाऊन काही लाभ होऊ नये अशी आखलेली एकेरी वाहतूक. ही रचना पहिल्याच प्रयत्नात जमलेली नाही. १९९६ मध्ये उट्रेख्तच्याच बुर्खमेस्टर रायखरस्त्रात या रस्त्यावर असा प्रयोग झाला होता. मोटारींनी सायकलींना ओव्हरटेक करू नये म्हणून मध्ये दुभाजक घातला होता. वर्दळीच्या त्या रस्त्यावर मागे अडकलेले चालक चिडत आणि पुढच्या सायकलस्वारांवर त्याचे दडपण येई, म्हणून तो प्रयोग गुंडाळावा लागला. जिथे सायकली मोटारींपेक्षा संख्येने बऱ्याच जास्त आहेत, तिथेच एकत्र रस्ता सुखाचा होतो. जिथे मोटारी जास्त आहेत, तिथे सायकलला वेगळी वाट द्यावी लागते. आपल्या शहरांत रस्त्याच्या कडेला पांढरी रेघ ओढून सायकलमार्ग झाला असे जाहीर करणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यायला हवा.

कायद्याचाही आधार भक्कम आहे. १९९४ च्या डच रस्ते वाहतूक कायद्याच्या कलम १८५ नुसार मोटार आणि सायकलस्वार किंवा पादचारी यांच्यात अपघात झाला, तर नुकसानभरपाईची जबाबदारी मोटारीच्या मालकावर येते. अपघात पूर्णपणे त्याच्या हाताबाहेरचा होता हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो. न्यायालयांनी या कलमाचा जो अर्थ लावला आहे, त्यानुसार जखमी मूल चौदा वर्षांखालचे असेल तर त्याला पूर्ण भरपाई मिळते, आणि मोठ्या माणसाची चूक असली तरी किमान निम्मी. आमच्या ओळखीच्या काही भारतीय चालकांना हा कायदा अन्यायाचा वाटतो. मोटारचालकाला आधीच गुन्हेगार ठरवले जाते, असा त्यांचा समज आहे. तो खरा नाही. हे कलम शिक्षेविषयी नाही, भरपाईविषयी आहे, आणि भरपाई विमा कंपनी देते. टनभर लोखंड घेऊन जो रस्त्यावर येतो, त्याने त्या लोखंडाच्या धोक्याची जबाबदारी उचलावी, एवढेच त्यात म्हटले आहे, आणि मला ते पूर्णपणे पटते.

त्याखेरीज काही लहान वाटणारे नियम रोजच्या प्रवासात मोठा फरक पाडतात. १ मे २००१ पर्यंत, खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्या मोटारीला प्राधान्य होते, परंतु उजवीकडून येणाऱ्या सायकलला मोटारीपुढे ते नव्हते; त्या दिवसापासून सायकलही मोटारीच्या बरोबरीची झाली. मोटारीचे दार दाराकडच्या हाताने न उघडता लांबच्या हाताने उघडायचे, म्हणजे शरीर आपोआप वळते आणि मागून येणारी सायकल दिसते, हीदेखील इथल्या चालकांची जुनी रीत आहे. ब्रिटनने २०२२ मध्ये आपल्या नियमावलीत तिचा समावेश केला. कोणताही खर्च न करता आपल्याकडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये उद्यापासून शिकवता येईल अशी ही गोष्ट आहे.

डच माणसे जन्मतःच अशी आहेत, हे आपल्या मंडळींकडून वारंवार ऐकू येणारे मत मला मान्य नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी या छोट्या देशात वर्षाला तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मरत होती आणि त्यांत चारशेहून अधिक मुले असत. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा थेट नावाची पालकांची चळवळ उभी राहिली, लोक रस्त्यावर बसले, १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद राहिल्या तेव्हा लोकांनी मोकळे रस्ते पाहिले, आणि पुढे अनेक दशके नगरपालिकांवर दबाव कायम राहिला. उट्रेख्तनेही त्याच काळात जुन्या कालव्याचा एक भाग बुजवून तिथे मोटारींचा महामार्ग केला होता. पुढे तो काढून २०२० मध्ये तिथे पुन्हा पाणी आणले गेले. स्टेशनमधून बाहेर पडताना तो कालवा दिसतो. सध्या पाहताना तिथे मोटारींचा महामार्ग होता यावर विश्वास बसणे कठीण जाते.

चालकांचे इतके गुण सांगितल्यावर सायकलस्वाराकडून काय अपेक्षा असते, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे, कारण भाड्याच्या सायकलींवरच्या नवख्या लोकांमुळे स्थानिक लोक खरोखर त्रस्त होतात. रस्त्यावर रंगवलेले पांढरे त्रिकोण ज्याच्याकडे टोक करून असतात, त्याने समोरच्या रस्त्यावरच्या वाहतुकीला आधी जाऊ द्यायचे. तो मोटारचालक असो वा सायकलस्वार. वळण्याआधी हात पूर्ण लांब करून दाखवायचा. सायकलचा सिग्नल वेगळा असतो आणि तो तांबडा असताना रस्ता रिकामा दिसला तरी थांबायचे. मोबाइल हातात धरून सायकल चालवणे १ जुलै २०१९ पासून बेकायदा आहे. सायकलमार्गाच्या मधोमध थांबून नकाशा पाहणे ही तर कोणत्याही कायद्यात न लिहिलेली परंतु सर्वांत अक्षम्य मानली जाणारी चूक आहे. बाजूला फुटपाथवर उतरावे आणि मग खुशाल पाहावे. या सगळ्यामागे एकच सूत्र आहे, ते म्हणजे आपण पुढच्या क्षणी काय करणार हे मागच्याला कळले पाहिजे. मोटारचालक सायकलला जी मोकळीक देतो, ती सायकलस्वार सरळ रेषेत आणि अंदाज बांधता येईल अशा रीतीने चालेल या भरवशावर देतो. आपल्याकडे गर्दीतून वाट काढण्याचे जे कौशल्य आपण कमावलेले असते, डावीकडून शिरणे, उजवीकडून निसटणे, ते इथे पूर्णपणे विसरावे लागते.

उणिवाही आहेत. ट्रामचे रूळ असलेल्या रस्त्यावर चाक रुळाच्या खाचेत जाण्याचा धोका असतो. रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडावेत आणि ओल्या दिवशी त्यावर ब्रेक लावू नये. सायकलमार्गावर विजेवर चालणाऱ्या वेगवान आणि रुंद टायरच्या सायकली वाढल्या आहेत, त्यामुळे अलीकडे मोटारीपेक्षा त्यांचीच भीती अधिक वाटते. हे माझे एकटीचे मत नाही, इथल्या ज्येष्ठ नागरिकांची ही मोठी तक्रार आहे. २०२३ मध्ये देशात रस्त्यावर ६८४ मृत्यू झाले आणि त्यांपैकी २७० सायकलस्वार होते. त्यांत वयस्करांचे प्रमाण मोठे आहे. म्हणजे हा देश सायकलस्वारांसाठी निर्धोक झाला आहे असे समजून आई-वडिलांना पहिल्या दिवशी गर्दीत सायकलवर बसवू नये. हेल्मेटची सक्ती नाही आणि भाड्याच्या सायकलीसोबत ते मिळतही नाही. साठीपुढच्यांनी ते स्वतःचे आणून वापरावे, कोणी बघून हसेल याची पर्वा करू नये.

पुण्यातही २०१७ च्या अखेरीस भाड्याच्या सायकलींची योजना मोठ्या उत्साहात सुरू झाली होती आणि काही वर्षांतच त्या सायकली रस्त्यावरून दिसेनाशा झाल्या. मोडतोड, चोरी, कंपन्यांचे आर्थिक गणित अशी कारणे त्या वेळी चर्चेत होती आणि ती खरीच होती. परंतु ओव्ही-फीट्स वापरताना मला सतत जाणवते की सायकल ही या सेवेची शेवटची कडी आहे. आधी वेळेवर येणारी रेल्वे, मग स्टेशनातच सायकल, मग तिला सुरक्षित वाट, मग त्या वाटेवर थांबायला शिकलेला चालक, अशी ती साखळी आहे. आपण सायकल आधी आणली आणि बाकीच्या कड्या जोडायच्या राहिल्या. पुणे कधी काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. बिनदिव्याची सायकल दिसली की जिथे पोलीस चाकातली हवा सोडत, त्या शहरात सायकलस्वाराची शिस्त आणि त्याचा मान या दोन्ही गोष्टी लोकांना ठाऊक होत्या. म्हणून हे तिथे पुन्हा जमू शकेल, असे मला मनापासून वाटते.

शेवटी ही सायकल कोणी घ्यावी, याविषयी. रेल्वेने येऊन शहरात एक-दोन ठिकाणी जायचे असेल, तर डोळे मिटून घ्यावी. बसच्या दोन तिकिटांच्या आसपास खर्च येतो आणि दिवसभर वाहन हाताशी राहते. तीन दिवसांहून जास्त काळ ठेवायची असेल तर वाढीव आकार लागतो, तेव्हा घेऊ नये. इथे राहायलाच आलेल्यांनी घराजवळच्या वापरासाठी जुनी सायकल विकत घ्यावी आणि ओव्ही-फीट्स दुसऱ्या शहरांसाठी ठेवावी. लहान मूल सोबत असेल तर ही सायकल उपयोगाची नाही, मुलाच्या सीटची सायकल दुकानातून वेगळी घ्यावी लागेल. आणि प्रथमच चालवणाऱ्यांनी रविवारी सकाळी दहाच्या आत निघावे. तेव्हा उट्रेख्तचे रस्ते मोकळे असतात, विद्यार्थी झोपलेले असतात, आणि मालीबानवर तर ब्रेकचा सराव करायला भरपूर जागा मिळते.